बियाण्याची पुडी आणि परवाना

प्रश्न : मी ज्वारीवर संशोधन करतो. अमेरिकेतील एक स्नेही येताना तेथील वाणाचे मूठभर बियाणे सामानातून आणणार आहेत. विक्रीचा हेतू नसल्याने परवाना लागणार नाही ना?
— एक वाचक, परभणी

उत्तर : आपला समज पुष्कळांचा असतो, परंतु तो खरा नव्हे; बियाण्याबरोबर येणारी बुरशी कोणाचा हेतू पाहत नाही, आणि म्हणूनच १९१४ च्या कायद्याखालील २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाने संशोधनार्थ येणाऱ्या अल्पस्वल्प बियाण्यालाही आगाऊ परवाना आवश्यक ठरविला आहे. तो नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचे संचालक देतात; आपल्या संस्थेमार्फत अर्ज करावा, मंजुरी मिळताच परवाना स्नेह्यांकडे पाठवावा, आणि त्यांनी तेथील कृषिखात्याचा वनस्पती-आरोग्याचा दाखला जोडून पुडी थेट ब्युरोच्या नावे रवाना करावी, म्हणजे तपासणीअंती ती आपल्या हाती येईल. बियाण्यास माती मुळीच चिकटलेली नसावी. वाण जनुकीय फेरफार केलेले असल्यास मात्र जैवतंत्रज्ञान विभागातील संबंधित समितीची मंजुरी आधी घ्यावी लागते. यात काळ जातो, पण घाबरण्याजोगे काही नाही. तूर्त स्नेह्यांना बियाणे सामानात न घालण्याविषयी आजच कळवावे.