पत्र्याचे घर गार कसे राहील?

मंडळी, वैशाखातल्या दुपारी पत्र्याच्या घरात कोण असते? धडधाकट माणूस निंबाखाली जाऊन पडतो. घरात राहतात म्हातारी माणसे आणि तान्ही लेकरे. ऊन फक्त शेतातच लागते असे नाही. तापलेल्या घरात पडल्या जागीही माणसाला उष्माघात होतो.

जुन्या घरांना माळवद असे. खाली तुळया, त्यांवर लाकडे, मग पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मातीतून ऊन खाली उतरेपर्यंत सांज होई. पण मातीला वजन फार. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. तेव्हा गारवा हवा म्हणून पत्र्यावर माती टाकू नका. गारवा पाहिजे, पण हलका.

आपल्या अंकुशनगरला समर्थ साखर कारखाना आहे. तिथे ऊस तोडायला येणारी माणसे पाचटाच्या कोप्या घालतात. एखाद्या कोपीत भर दुपारी शिरून बघा. शेजारच्या पत्र्याच्या खोलीपेक्षा ती बरी वाटते. का बरे? पाचटाच्या पानापानांत हवा अडकून असते. अडकलेली हवा उष्णता लवकर पुढे जाऊ देत नाही. गोधडीत थंडी वाजत नाही, तेही याच कारणाने. पत्रा मात्र तापला की ती धग सरळ आपल्या डोक्यावर.

मग मीही पाचट आणले आणि घराच्या पत्र्यावर पसरले. उन्हाळा बरा गेला. मृगाच्या पावसात पाचट भिजले, कुजले, पत्र्याला गंज चढला. वरून उंदरांनी घर केले ते निराळेच! जन्मभर पोरांना शिकवले, पण हे काही आधी सुचले नाही.

दुसऱ्या साली आतून छत केले. बाजारातून बांबूचे तट्टे आणले. पत्र्याच्या खाली एक वीत जागा सोडून बांबू आडवे बांधले. त्यांना तट्टे तारेने आवळले. खालून शेणमातीचा हात फिरवला, अगदी पातळ, सारवतो तसा. ती वीतभर जागा फार महत्त्वाची. तिथली हवा तापते आणि वर चढते. तिला बाहेर जायला दोन्ही टोकांना फट ठेवा. फटीला बारीक जाळी ठोका, म्हणजे उंदीर-चिमण्या शिरणार नाहीत.

तट्ट्यावर पाचट भरायचा मोह होईल. भरू नका. वाळले पाचट एका ठिणगीने पेटते. तट्टाही बांबूचाच, म्हणून चुलीच्या वर छत करूच नका. घरातल्या विजेच्या तारा आधी वायरमनकडून नळीत घालून घ्या.

पत्र्याला वरून पांढरा चुना द्या. पांढरा रंग ऊन परत फेकतो. कळीचा चुना आदल्या दिवशी भिजवा. आधी पाणी घ्या, मग त्यात थोडा थोडा चुना सोडा. तो उकळतो, उडतो. डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून लेकरांना लांब ठेवा. तरीही उडालाच तर डोळा भरपूर पाण्याने धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठा. गार झाल्यावर गाळा, भिजवलेला डिंक घाला आणि ताकासारखा पातळ करून दोन हात मारा. काम सकाळीच करा. पत्र्यावर नुसता पाय देऊ नका, फळी टाकून चाला. सिमेंटचा पत्रा तर चटकन फुटतो. त्याला शिडीवरूनच लांब दांड्याच्या ब्रशाने चुना लावा.

पावसाने चुना धुपतो. दर साली पाडव्याच्या सुमारास तो पुन्हा द्यावा लागतो. पहिल्या पावसाचे पत्र्यावरचे पाणी पिण्याच्या हौदात घेऊ नका.