नदीपासून लांब, तरी शेत पाण्यात

प्रश्न : आम्ही तंजावरचे मराठी. वेण्णार नदीपासून आमचं शेत बरंच लांब आहे, तरी ऐन कार्तिकात भात बुडतं. नदीकाठचं शेत मात्र सुटतं. पूरनकाशा कसा वाचावा?

उत्तर : तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. वरच्या खोऱ्यात नदी सखल जागी असते, पाणी तिच्याकडे धावतं. कल्लणै बंधाऱ्याच्या खाली चित्र उलटतं. गाळ साचून नदीकाठ उंच झालेत आणि जमीन काठापासून दूर उतरत जाते. म्हणून नदीपासूनचं अंतर मोजून केलेला नकाशा इथे फसवा ठरतो.

मेट्टूर धरणातून सुटलेल्या पाण्याचा मोठा लोंढा कोळ्ळिडम नदी वाहून नेते. त्यामुळे तुमचं भात बुडवतो तो बहुधा ऑक्टोबर ते डिसेंबरमधला ईशान्य मोसमी पाऊस, कारण निचऱ्याचे चर तुंबलेले असतात. तेव्हा चर कुठे गाळाने, वेलींनी अडलाय, मोरी कुठे अरुंद आहे, हे आधी नकाशावर आणा.

उपग्रहाच्या रडार प्रतिमा ढगांतूनही पाणी दाखवतात. पण सांबा भाताच्या हंगामात खाचरात पाणी असतंच. पावसाआधीची आणि नंतरची प्रतिमा शेजारी ठेवल्याशिवाय त्याला पूर म्हणू नका. उंचीसाठी उपग्रहाच्या मोजमापावर विसंबू नका : इतक्या सपाट प्रदेशात त्यातली मीटरभराची चूकही सगळा उतार पुसून टाकते. लेव्हल लावून बांध मोजून घ्या.

पाणी किती चढलं यापेक्षा किती दिवस थांबलं, याची नोंद ठेवा. नुकतीच लावलेली रोपं आठवडाभर बुडाली तर बहुतेक जातात. भूमिहीन मजुरांची घरं कोणत्या सखल भागात आहेत, तेही त्याच नकाशावर हवं.