शेतात कोण राबते?

आफ्रिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर गांबिया नावाचा एक चिमुकला देश आहे. गांबिया नदीच्या दोन्ही तीरांवरील अरुंद पट्टी म्हणजेच हा सारा देश. तेथील लोकांचे मुख्य अन्न भात आहे.

या देशात शेतीच्या कामांची वाटणी फार पूर्वीपासून ठरून गेली होती. उंचवट्यावरील कोरड्या जमिनीत पुरुष भुईमूग व बाजरी पिकवीत. सखल, पाणथळ जमिनीत स्त्रिया भात पिकवीत. कोणते वाण कोठे तग धरते, रोपे केव्हा लावावीत, हे ज्ञान आईकडून मुलीकडे येई. काही खाचरे साऱ्या कुटुंबाची असत. त्यांचे धान्य घरच्या कणगीत जाई. परंतु एखाद्या स्त्रीने स्वतः झाडोरा तोडून जी जमीन लागवडीस आणली असेल, तिच्यातील पिकावर तिचाच हक्क असे. ते विकून आलेला पैसा तिच्या हाती राही.

सन १९६५ मध्ये गांबिया स्वतंत्र झाला. देशात पिकणारा भात लोकांना पुरेना; तो परदेशांतून विकत आणावा लागे. तेव्हा नदीचे पाणी पंपाने उपसून उन्हाळ्यातही भाताचे पीक काढावे, असे ठरले. १९६६ पासून प्रथम तैवानच्या तज्ज्ञांनी आणि पुढे जागतिक बँक व चीन यांनी या कामी साहाय्य केले. हेतू चांगला होता. परंतु 'येथे भात कोण पिकवते?' हा साधा प्रश्न योजना आखताना विचारला गेला नाही. शेतकरी म्हणजे पुरुष, असे गृहीत धरले गेले. त्यामुळे सुधारलेले बियाणे, खते, कर्ज आणि शेतीचे नवे शिक्षण प्रामुख्याने पुरुषांना मिळाले. ओलिताखाली आलेली जमीनही त्यांच्याच ताब्यात गेली.

याचा परिणाम काय झाला? ज्या स्त्रिया भातशेतीत निष्णात होत्या, त्या नव्या शेतांवर केवळ मजूर ठरल्या. त्यांना आपली जुनी खाचरेही सांभाळावी लागत. मग जे पीक आपले नाही, त्यासाठी अधिक कष्ट त्यांनी का उपसावेत? योजनेतून जेवढे उत्पन्न अपेक्षिले होते, तेवढे आले नाही. जेनी डे या संशोधिकेने तेथील गावांत जाऊन या साऱ्याचा अभ्यास केला आणि १९८१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्त्रियांवर अन्याय झाला, एवढेच त्यातून दिसले नाही. त्या अन्यायामुळे योजनेचेही नुकसान झाले, हेही दिसून आले.

अशी चूक एकट्या गांबियात झाली नव्हती. एस्टर बोसरुप या डेन्मार्कच्या अर्थशास्त्रज्ञ विदुषी १९५७ ते १९६० या काळात भारतात राहिल्या होत्या. पुढे आफ्रिकेतील शेतीचाही त्यांनी अभ्यास केला. आर्थिक विकासात स्त्रियांचा वाटा किती, या विषयावर त्यांनी १९७० मध्ये एक ग्रंथ लिहिला. आफ्रिकेच्या मोठ्या भागात शेती स्त्रियाच करतात. नवी अवजारे व शिक्षण मात्र पुरुषांना मिळते, आणि त्यामुळे दोघांतील अंतर वाढते, हे त्यांनी दाखवून दिले. १९७५ मध्ये मेक्सिको शहरात स्त्रियांविषयीची पहिली जागतिक परिषद भरली. अनेक देशांतील प्रतिनिधींनी तेथे आपापल्या देशांतील स्थिती मांडली. एका देशाला आलेला अनुभव दुसऱ्या देशाच्या उपयोगी पडू लागला.

तरीही केवळ माहिती असून भागत नाही. गांबियात १९८४ मध्ये जहाली-पाचार येथे भातशेतीची मोठी योजना सुरू झाली. या वेळी जमिनीचे तुकडे स्त्रियांच्या नावे नोंदवावेत, असा आग्रह धरण्यात आला. नावे नोंदली गेली. परंतु ती जमीन साऱ्या कुटुंबाची मानली गेली आणि पिकावर अधिकार राहिला घरातील कर्त्या पुरुषाचा! कागदावरील नाव आणि हातातील हक्क यांत केवढे अंतर असते, हे यावरून जगाला कळले.

सन २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने २०३० पर्यंत गाठावयाची १७ ध्येये निश्चित केली. त्यांपैकी पाचवे ध्येय स्त्री-पुरुष समानतेचे आहे. ते गाठावयाचे असेल, तर धरण, विहीर, शाळा वा शेती यांची कोणतीही योजना आखण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले पाहिजेत : काम कोण करते? निर्णय कोण घेते? आणि फळ कोणाच्या पदरात पडते? या प्रश्नांची खरी उत्तरे राबणाऱ्या माणसांपाशीच असतात. ती ऐकून घेणे आणि इतरांपर्यंत पोहोचविणे, हेही विकासाचेच काम आहे.

स्वाध्याय

१. गांबियातील स्त्रियांची खाचरे कोणत्या दोन प्रकारची असत?
२. १९६६ पासूनच्या योजनांत अपेक्षेइतके उत्पन्न का आले नाही?
३. 'कागदावरील नाव आणि हातातील हक्क' यांतील अंतर उदाहरणाने स्पष्ट करा.
४. आपल्या घरात वा शेतात दिवसभरात कोण कोणती कामे करते, याची नोंद करा व ती वर्गात वाचून दाखवा.