आकाशातले इलेक्ट्रॉन कसे मोजतात?

असोद्याच्या मळ्यात भर दुपारी ट्रान्झिस्टरवर मीडियम वेव्हचा काटा फिरवून पाहा. जवळपासची मोजकीच केंद्रे लागतील. रात्री नऊला तोच काटा फिरवा. शेकडो किलोमीटर दूरची केंद्रेही ऐकू येतील. रेडिओ तोच, मग फरक कशाने पडला?

सूर्याच्या प्रारणामुळे उंचावरील हवेच्या रेणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. या भागाला आयनांबर म्हणतात. त्याचा सर्वांत खालचा, सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा भाग म्हणजे डी थर. रेडिओतरंग आला की तेथील इलेक्ट्रॉन डोलू लागतात, वारंवार रेणूंवर आदळतात आणि तरंगाची ऊर्जा उष्णतेत जाते. सूर्यास्तानंतर हा थर विरतो. मग तरंग वरच्या थरांवरून परावर्तित होऊन आपल्याकडे येतात.

या थरातील इलेक्ट्रॉन मोजायचे कसे? तेथवर फुगा पोचत नाही आणि उपग्रह इतक्या खाली टिकत नाही. यावर रडार हा एक उपाय आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेने १९९९ मध्ये कोल्हापूर येथे, शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात, १.९८ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेचे रडार सुरू केले. अशा रडारमधून तरंगांचे छोटे स्पंद सरळ वर सोडतात. डी थरातील लहानसहान असमानतांवरून त्यांचा अल्प अंश परत येतो. परतीचा वेळ ०.५ मिलिसेकंद असेल, तर एकूण अंतर १५० किलोमीटर. म्हणजे उंची ७५ किलोमीटर.

आता खरी युक्ती पाहा. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे आयनांबरात तरंगाचे दोन प्रकार होतात. त्यांपैकी एक प्रकार इलेक्ट्रॉन अधिक शोषतात. दोन्हींचे प्रतिध्वनी वेगवेगळे नोंदवून त्यांच्या तीव्रतेचे गुणोत्तर काढतात. उंचीबरोबर ते जितके झपाट्याने बदलेल, तितके वाटेत इलेक्ट्रॉन जास्त. इलेक्ट्रॉन रेणूंवर सेकंदाला किती वेळा आदळतात हे हवेच्या दाबावरून ठरवले, की घनता मिळते.

हा उद्योग केवळ कुतूहलापोटी नव्हे. सूर्यावर प्रखर ज्वाला उठली, की तिच्या क्ष-किरणांनी डी थरातील इलेक्ट्रॉन एकाएकी वाढतात. दिवसाच्या बाजूला लघुलहरींवरील संदेश काही मिनिटे, कधी तासभर बंद पडतात. समुद्रावरील जहाजाला अशा वेळी ही शांतता महाग पडू शकते.

जाता जाता एक उदाहरण सोडवा: प्रतिध्वनी ०.६ मिलिसेकंदाने आला, तर तो किती उंचीवरून आला? आणि आठवडाभर दुपारी व रात्री लागणारी केंद्रे वहीत मांडून ठेवा. डी थराचे ते तुमचे स्वतःचे निरीक्षण असेल.