संगणकाची भाषा शिकायची, तर पुस्तक कोणते घ्यावे?

आमचा धंदा कापडाचा. कापड चिमटीत चोळून त्याचा पोत आम्ही सांगतो. पुस्तक मात्र जाडी आणि किंमत पाहून घेतले आणि फसलो. दुकानाचा स्टॉक व उधारीचा हिशोब घरच्याच मुलाने संगणकावर बसवावा, या इराद्याने पुतण्याला पायथन ही भाषा शिकायला लावले. क्लासवाल्यांनी (नाव घेत नाही) एक जाडजूड पुस्तक सांगितले. आम्ही ते जुन्या बाजारातून निम्म्या किमतीत आणले व पैसे वाचले म्हणून खूश झालो. पहिल्या धड्यातली पहिलीच ओळ यंत्राने नाकारली. पोरगा उर्दू माध्यमातला, इंग्रजी कच्चे. चार दिवस स्वतःलाच दोष देत बसला आणि "चाचा, हे आपल्या बसचे काम नाही" म्हणून पुस्तक कपाटावर टाकून मोकळा झाला.

दोष त्याचा नव्हता. पायथनची तिसरी आवृत्ती २००८ साली आली आणि दुसरीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. आमचे पुस्तक दुसऱ्या आवृत्तीचे. तिच्यात 'प्रिंट' ही आज्ञा कंसाशिवाय चाले, तिसरीत कंस लागतोच. ही चूक निदान ओरडून सांगते. गप्प बसणारी चूक जास्त वाईट. समजा ४५ मीटरचा तागा आहे आणि एका पडद्याला ४ मीटर कापड लागते. जुन्या पायथनमध्ये ४५ भागिले ४ केले की ११ येत, म्हणजे पूर्ण पडदे. नव्यात तीच ओळ ११.२५ देते. यंत्र तक्रार करत नाही, पण सव्वाअकरा पडदे कोणी शिवत नाही! पूर्ण संख्या हवी असेल तर नव्या भाषेत भागाकाराची तिरपी रेघ दोनदा द्यावी लागते. जुने पुस्तक हे कुठून सांगणार?

म्हणून पुस्तक हाती घेतल्यावर आधी मुखपृष्ठामागचे पान उघडावे. छपाईचे साल पाहून भागत नाही, कारण तेच पुस्तक वर्षानुवर्षे छापले जाते. मजकूर भाषेच्या कोणत्या आवृत्तीवर लिहिला आहे ते पाहावे.

दुसरी कसोटी आम्ही अनुभवाने शोधली. पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येते. यंत्र बिघडलेले नसते. ते दोनच्या पटीत मोजते आणि त्या मोजणीत एक दशांश कधी पूर्ण होत नाही, जसे आपल्याकडे एक तृतीयांश लिहिताना ०.३३३ पुढे चालूच राहते. ज्याला रुपये-पैसे मांडायचे आहेत त्याने रक्कम पैशांत पूर्ण संख्या करून ठेवावी किंवा पायथनमधले 'डेसिमल' हे साधन वापरावे. पुस्तकात ही गोष्ट कुठे सांगितली आहे का, हे चाळून पाहा. जो लेखक ती टाळतो, त्याच्या भरवशावर खातेवही चढवू नये.

तिसरे, भाषा. दुकानातच उभ्याने मधले एखादे पान मुलाकडून वाचून घ्यावे. चार ओळींत चार वेळा अडला तर पुस्तक कितीही नामी असो, ठेवून द्यावे. '२१ दिवसांत शिका' असल्या नावांना तर भुलूच नये. मागावर बसलेला शागीर्द २१ दिवसांत कारागीर होत नाही, हे आपल्यापेक्षा कोण जास्त जाणतो?

नावे विचाराल तर हिशोबाच्या कामासाठी एल स्वेगार्ट यांचे 'ऑटोमेट द बोअरिंग स्टफ विथ पायथन' आम्हाला पसंत पडले. पहिली आवृत्ती २०१५ ची, पण नवीच घ्यावी. एक्सेलच्या फाइली, पीडीएफ बिले अशी रोजची कामे त्यात घेतली आहेत, आणि लेखकाने ते इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवले आहे, म्हणजे घेण्यापूर्वी पारखता येते. सी भाषा शिकणाऱ्यांना सगळे कर्निघन आणि रिची यांचे पुस्तक सांगतात. पहिली आवृत्ती १९७८ ची, दुसरी १९८८ ची, पावणेतीनशे पानांच्या आतले. भाषा घडवणारा रिची स्वतः लेखक, त्यामुळे अधिकाराबद्दल प्रश्नच नाही. पण ते ज्याला प्रोग्रॅमिंगची थोडी ओळख आहे त्याच्यासाठी लिहिले आहे; नवख्याने ते दुसरे पुस्तक म्हणून घ्यावे. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी'वर आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी हात बसवला. मात्र त्याच्या जुन्या प्रती टर्बो सीच्या जमान्यातल्या आहेत. त्यातल्या पडदा पुसण्यासारख्या काही आज्ञा आजच्या जीसीसीवर चालत नाहीत. इथेही निम्म्या किमतीचा मोह आवरावा.

ही विद्या आपल्या लोकांना अगदी परकी आहे असेही नाही. जेकार्डच्या पत्त्यावर भोक असेल तिथे ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. हो की नाही, एवढ्यावर सगळी नक्षी उतरते. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये आलेले ते पत्ते पुढे गणकयंत्रांनीही उचलले. पुतण्याला हे मागाजवळ उभे करून दाखवले, तेव्हा त्याचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

नव्या पुस्तकावर त्याने ताग्यांचा स्टॉक बसवला आहे. पहिला महिना वहीशी ताळा केला, दोन तागे कमी निघाले. ते वहीत चढवायचे आम्हीच विसरलो होतो. उधारीचे खाते अजून वहीतच आहे. त्यासाठी डेटाबेसचे पुस्तक लागेल म्हणतो. ते आता तोच मधले पान वाचून निवडणार आहे.