पट्ट्यावर चालण्याआधी

"छातीची पट्टी (ईसीजी) काढली, ती चांगली आली. आता एकदा पट्ट्यावर चालवून बघा, म्हणजे निर्धास्त झालो," असं म्हणत पुष्कळजण टीएमटी करून घ्यायला येतात. निर्धास्त व्हायला येणाऱ्या या मंडळींची मला काळजी वाटते. टीएमटी, म्हणजेच स्ट्रेस टेस्ट, चांगली तपासणी आहे. ज्याला गरज आहे त्याची ती जरूर व्हावी. पण तिच्याकडून जी हमी लोक मागतात, ती देणं तिच्या हातात नाही.

बसल्या जागी हृदयाला रक्त कमी लागतं. हृदयाची रक्तवाहिनी सत्तर टक्के बुजलेली असली तरी तेवढा पुरवठा भागतो, म्हणून निजून काढलेला ईसीजी अनेकदा स्वच्छ येतो. उन्हाळ्यात घरच्या पिण्यापुरतं पाणी देणारं बोअर रान भिजवायला घेतलं की अर्ध्या तासात हवा ओढायला लागतं, तसंच हे आहे. मागणी वाढल्याशिवाय तूट कळत नाही. टीएमटीत चालवून ही मागणी मुद्दाम वाढवतात आणि त्या वेळी ईसीजी, नाडी, रक्तदाब काय सांगतात ते पाहतात. सिएटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी 1963 मध्ये मांडलेली पद्धत आजही बहुतेक ठिकाणी वापरतात. दर 3 मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढत जातो. सुरुवात ताशी 2.7 किलोमीटरने आणि 10 टक्के चढाने होते; तिसऱ्या टप्प्यात वेग 5.5 किलोमीटर आणि चढ 14 टक्के होतो. 220 मधून वय वजा करायचं आणि त्याच्या 85 टक्क्यांपर्यंत नाडी न्यायची, असा साधारण हिशेब असतो. पन्नाशीच्या माणसाची नाडी 145 च्या आसपास जाते.

ही तपासणी कोणाची करायची, हे रुग्ण स्वतः काय सांगतो त्यावर सगळ्यात जास्त ठरतं. म्हणून मी मशीनच्या आधी कामाबद्दल विचारतो. परळीला वैजनाथाच्या पायऱ्या चढताना मध्ये थांबावं लागतं का? पाण्याची घागर घेऊन येताना छाती भरून येते का? ऊसतोडीला जाणाऱ्यांना तर विचारायलाच हवं. उसाची मोळी डोक्यावर, पायाखाली ट्रकला लावलेली अरुंद फळी, आणि तिच्यावरून वर चढायचं. दिवसभरात हे कितीदा तरी होतं. एक मावशी सांगत होत्या, फळीच्या अर्ध्यावर गेलं की छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, डाव्या जबड्यात कळ येते, मोळी टाकून दोन मिनिटं बसलं की जातं. हंगामभर त्या पित्ताची गोळी खात होत्या. पित्ताला मोळी आणि मोकळं डोकं यांतला फरक कळत नाही. जोर केला की येतं आणि थांबलं की जातं, असं दुखणं हृदयाचं समजूनच तपासलं पाहिजे. आणि फडावर 'खाडा' पडेल म्हणून बाया ते दाबून नेतात, हे मला फार लागतं.

बायकांबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायकांची गर्भपिशवी कमी वयात काढली गेली. 2019 मध्ये त्याच्या चौकशीसाठी राज्य सरकारला समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली असतील तर पाळी जाण्याच्या वयाआधीच हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा बाईने चाळिशीत दम लागतो म्हटलं, तर "अशक्तपणा आहे" म्हणून तिला परत पाठवू नये. तिनेही ऑपरेशनची गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही तरी सांगावी. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना छातीत कळ न येता नुसता दम, घाम किंवा न पेलणारा थकवाही येऊ शकतो.

काहीच त्रास नसलेल्या, धडधाकट तरुणाने मात्र तपासणीच्या पॅकेजात आहे म्हणून टीएमटी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. निरोगी माणसातही ईसीजी बदललेला दिसू शकतो. बायकांत आणि रक्त फार कमी असलेल्यांत तर सहज. मग अँजिओग्राफीसाठी संभाजीनगर किंवा लातूरच्या फेऱ्या, उसनवारी, घरभर घोर, आणि शेवटी काही नाही.

काहींना पट्ट्यावर चढवायचंच नसतं. बसल्या जागी छातीत दुखतंय, एक-दोन दिवसांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय, झडप फार अरुंद झाली आहे, हृदय निकामी होऊन पायांवर सूज आणि झोपता न येण्याइतका दम आहे, रक्तदाब 200/110 च्या वर आहे, अशा वेळी ही तपासणी जिवावर बेतू शकते. लहानपणी सांधे सुजून ताप येत असे आणि आता दम लागतो, अशांची आधी टूडी इको करावी, कारण रूमॅटिक आजाराने झडपा खराब होतात. गुडघ्यांमुळे चालता येत नसेल तर औषध देऊन इकोवर किंवा थॅलियम स्कॅनवर ताण तपासता येतो. योग्य रुग्ण निवडला आणि डॉक्टर शेजारी उभे असले तर टीएमटी सुरक्षित आहे; जिवाला धोका सुमारे 10,000 तपासण्यांत एखाद्याला.

येताना दोन-तीन तास आधी हलकं खाऊन या. त्या दिवशी तंबाखू, गुटखा, मिसरी नको, चहाही नको. रक्तदाबाच्या किंवा नाडी मंद करणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ मेटोप्रोलॉल, स्वतःच्या मनाने बंद करू नका; घ्यायच्या की नाही ते विचारा, कारण एकाएकी बंद केल्या तर त्यानेच छातीत दुखू शकतं. बायकांनी सलवार घालावी, साडीचा घोळ पट्ट्यात अडकतो. पायात बूट हवेत. छातीवर दहा चकत्या चिकटवतात, त्याआधी कातडी स्पिरिटने घासतात, पुरुषांचे केसही काढावे लागतात. बाई कर्मचारी हवी असेल तर निःसंकोच मागा. दांडी घट्ट आवळून धरू नका, अंगाचा भार हातांवर गेला की हृदयाला पुरता ताण पडत नाही. आणि छातीत काही झालं, घेरी आली, तर लाजेने चालत राहू नका, त्याच क्षणी सांगा. पट्टा थांबल्यावरही काही मिनिटं तारा लावून ठेवतात. कधीकधी दोष तेव्हाच दिसतो, म्हणून उठायची घाई नको.

आता रिपोर्ट. पॉझिटिव्ह म्हणजे दोषाची शंका, निगेटिव्ह म्हणजे दोष दिसला नाही, इतकंच. रक्तवाहिनीत खरोखर मोठा अडथळा असलेल्या 100 जणांपैकी तिसेक जणांची टीएमटी निगेटिव्ह येऊ शकते, आणि अडथळा नसलेल्या 100 जणांपैकी वीसेक जणांची पॉझिटिव्ह. म्हणून पॉझिटिव्ह आली की लगेच स्टेंट, असं नसतं. कितव्या मिनिटाला बदल दिसला, छातीत दुखलं का, रक्तदाब वाढायच्या ऐवजी उतरला का, किती चालता आलं, हे सगळं मिळून निर्णय होतो. त्रास न होता 9 मिनिटं पूर्ण चालणाऱ्याचं पुढचं चित्र बहुधा चांगलं असतं. पहिल्या 3 मिनिटांतच थांबावं लागलं आणि रक्तदाब उतरला, तर उशीर करू नये. पुढे अँजिओप्लास्टी किंवा बायपास लागली तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात त्याची सोय आहे. रेशनकार्ड, आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. पहिल्या तपासणीसाठी बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहेच. दसऱ्यानंतर टोळी निघण्याआधी जाऊन या, कारखान्यावर गेल्यावर कोणी सवड देत नाही.

निगेटिव्ह रिपोर्टचा सगळ्यात मोठा धोका तो घरात जपून ठेवण्यात आहे. वीस-तीस टक्क्यांचा छोटा थर टीएमटीत दिसत नाही, पण तोच फुटून त्यावर गुठळी धरली की झटका येतो. म्हणून गेल्या महिन्याची टीएमटी कितीही चांगली असो, बसल्या जागी छातीत दाब आला, घाम फुटला, हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर तो कागद शोधत बसू नका आणि नवी टीएमटीही मागू नका. 108 ला फोन करा आणि जिथे लगेच ईसीजी निघेल अशा जवळच्या रुग्णालयात पोहोचा.