कॅशलेसची फाइल घरीच तयार ठेवा

मुलुंडमध्ये मी सर्जन म्हणून काम करतो. मागे पित्ताशयातल्या खड्यांसाठी एक काका दाखल झाले. रात्रीपासून उपाशी, ओटी तयार, आणि विमा कंपनीची क्वेरी आली: मधुमेह कधीपासून? पॉलिसी तीन वर्षांची, आणि केसपेपरवर ‘मधुमेह, दहा वर्षे’; म्हणजे पॉलिसीआधीचा आजार लपवल्याची शंका. काकांनी अंदाजाने सांगितलं, ते तसंच लिहिलं गेलं. खरं निदान दोन वर्षांपूर्वीचं. मी खुलाशाचं पत्र दिलं, तर दुसरी क्वेरी आली. अखेर मुलाने घरून साखरेचा पहिला रिपोर्ट आणला, तेव्हा मंजुरी मिळाली. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. माझा ओपीडीचा वेळ पत्रांत गेला. बाहेर बसलेल्या पेशंटना त्याची झळ बसली.

म्हणून कळकळीने सांगतो. प्रत्येक जुन्या आजाराचा पहिला रिपोर्ट आणि पहिलं प्रिस्क्रिप्शन पॉलिसीसोबत एकाच फाइलमध्ये ठेवा. दाखल होताना आजार कधीपासून हे आठवणीवर सांगू नका, कागद बघून सांगा. केसपेपरवर काय लिहिलं ते लगेच वाचून घ्या. ऑपरेशन ठरलेलं असेल तर कॅशलेसच्या पूर्वमंजुरीचा (प्री-ऑथ) फॉर्म दोन-तीन दिवस आधीच पाठवायला सांगा. मग क्वेरी आली तरी पेशंट उपाशी ताटकळत नाही.

नियमही माहीत असू द्या. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो, आणि रुग्णालयाने डिस्चार्जची विनंती पाठवल्यावर तीन तासांत अंतिम मंजुरी. त्यापुढे उशीर होऊन रुग्णालयाने जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा. म्हणून विनंती किती वाजता गेली, ते रुग्णालयातल्या विम्याच्या (टीपीए) डेस्ककडून लिहून घ्या. क्लेम नाकारला तर पॉलिसीच्या कोणत्या अटीनुसार, हेही लेखी मागा.

नकार पटला नाही, तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही. अंधेरी-बोरिवलीकरांसाठी सांताक्रूझचं कार्यालय, घाटकोपर-मुलुंडकरांसाठी ठाण्याचं.

मंजुरी लांबली की पेशंटचे नातेवाईक डॉक्टरांवर चिडतात. ते मी समजू शकतो. पण त्या वेळी आम्हीही त्याच उत्तराची वाट बघत असतो. तुमची फाइल नीट असेल, तर आमची लेखणी कमी चालेल आणि तो वेळ पेशंटच्या वाट्याला येईल.